सकाळी साडेसहाचा फोन

सांगलीच्या आमच्या घरात सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवलं की मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची. पलीकडे ओहायोत, कोलंबसला, आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजलेले असायचे. नवरा तिकडे कांदा चिरायचा आणि मी इकडे कणीक मळायची. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासाने मागे जातात, मग आमच्या साडेसहाला तिथे आठ वाजतात. पहिल्या वर्षी सासूबाईंना हे पटेना. “घड्याळ मागे केल्यानं दिवस थोडाच मागे जातो?” असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्या वर्षी सासूबाईच शेजारच्या काकूंना हे सगळं समजावून सांगत होत्या. माझ्या व्हिसासाठी आम्ही किती दिवस थांबलो याचं माप माझ्या मनात असंच बसलंय.

लग्न नोव्हेंबर २०१८ मध्ये झालं आणि डिसेंबरात तो परत गेला. त्याला त्याच्या संशोधनावर २०१७ मध्ये ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायमचं राहायची परवानगी, मिळालं होतं. आमच्याकडे हे स्थळ आलं तेव्हा ‘मुलाला ग्रीन कार्ड आहे’ हे ऐकून सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. त्यात काय मेख आहे ते ना त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं, ना माझ्या. लग्न कार्डाच्या आधी झालं असतं, तर बायको म्हणून मी त्याच्याच अर्जात बसले असते. तो नोकरीच्या एच-वन व्हिसावर असता, तर बायकोचा एच-फोर व्हिसा मला मिळाला असता. पण कार्ड हातात आल्यावर लग्न केलं की बायकोसाठी नवा अर्ज आणि वेगळी रांग. या रांगेला एफ-टू-ए म्हणतात. दरवर्षी ठरावीकच व्हिसा देता येतात, म्हणून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक तक्ता काढतं. अमुक तारखेच्या आधी ज्यांचा अर्ज पोचलाय त्यांचा नंबर आला, असं त्यात लिहिलेलं असतं. अर्ज पोचल्याची ही तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट. माझी १४ जानेवारी २०१९. त्या दिवशी भोगी होती. लग्नानंतरची पहिली संक्रांत दुसऱ्या दिवशी होती म्हणून सासूबाई हलव्याचे दागिने ताटात मांडून बसल्या होत्या, आणि फोनवर नवरा सांगत होता की साधारण दोन वर्षं लागतील.

दोन वर्षं हा आकडा मी सासरी कोणाला सांगितला नाही. “कधी जाणार?” असं कोणी विचारलं की “होईल यंदा” म्हणायची. लग्नाआधी मी विट्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते, ते लग्नाच्या वेळी सोडलं. जून २०१९ मध्ये सांगलीतल्या एका कॉलेजातून विचारणा झाली, तर मीच नाही म्हटलं. जुलैच्या तक्त्यात आमच्या रांगेपुढे तारखेच्या जागी ‘सी’ आला होता. सी म्हणजे करंट, म्हणजे रांगच संपली. त्या संध्याकाळी नवऱ्याने मला बॅगेचं माप विचारलं. वर्ष अर्ध्यात सोडून मुलांना वाऱ्यावर टाकणं मला बरोबर वाटलं नाही.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण आपल्याकडच्या मुलींना हे उपयोगी पडेल. लग्नाची नोंदणी तो इथे असतानाच करून घेतली होती. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही, सगळं चार दिवसांत जमवलं. हे करून ठेवलं नसतं तर तो परत येईपर्यंत अर्जच झाला नसता. खरी अडचण जन्मदाखल्याची निघाली. दाखल्यावर आई-वडिलांची नावं होती, तारीख होती, पण माझं नावच नव्हतं. नुसतं ‘मुलगी’. माझ्या वेळी बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची आणि पुढे नाव घालायला कोणी जायचं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सांगली ते विटा अशा पाच खेपा, एवढं केल्यावर त्या रकान्यात माझं नाव आलं. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं. या दोन बायका एकच आहेत याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. पासपोर्टवरचं नाव बदलू नकोस, असं नवऱ्याच्या वकिलाने आधीच सांगितलं होतं. तो सल्ला लाखमोलाचा ठरला. एक बदललं की सगळेच कागद बदलावे लागतात.

मग ऑगस्ट आला.

आमचं घर गावभागात. २००५ च्या पुरात पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, त्यामुळे बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खात्री होती की यंदाही तिथेच थांबेल. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना नमस्कार करायच्या आधी आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्या आठवड्यात पाणी ५० च्या वर गेलं तरी वाढतच होतं. तिसरी पायरी बुडाली, चौथी बुडाली. रात्री अडीचला मी कपाटातून निळी फाइल काढली, आधी ब्रेडच्या पिशवीत घातली, मग तांदळाच्या रिकाम्या पिशवीत, आणि ओढणीने पोटाला बांधली. सासूबाईंनी देव घेतले. बाबांनी गोळ्यांचा डबा घेतला. शेजारच्या माडीवर दीड दिवस काढला, मग बोट आली आणि आम्ही विश्रामबागेत मावससासूबाईंकडे गेलो. पाणी त्या वर्षी ५७ फुटांच्या वर गेलं.

आठ दिवसांनी घर उघडलं तेव्हा चिखलाचा वास नाकातून जाईना. फाइल वाचली होती, पण लग्नाचा अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिला होता. भिजून फुगला होता, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. नवरा-बायकोचं नातं खरं आहे हे दाखवायला मुलाखतीला लग्नाचे फोटो न्यायचे असतात. फोटोग्राफरचा स्टुडिओ हरभट रोडला, त्याचा कॉम्प्युटरही पाण्यात गेलेला. मी तो अल्बम परातीत साध्या पाण्यात ठेवला आणि एकेक पान सुटी करायला लागले. कोपऱ्यात बोट घालायचं, थोडं पाणी आत सोडायचं, थांबायचं. ओढलं की रंग दुसऱ्या पानाला चिकटून यायचा. दोन दिवसांत अकरा फोटो धड निघाले. गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. सप्तपदी वाचली, कन्यादान गेलं. मंगळसूत्राच्या फोटोत माझा चेहरा पांढरा पडलेला, पण त्याचे हात स्वच्छ दिसत होते.

बाकीचे फोटो नातेवाइकांच्या मोबाईलमधून आले. कुटुंबाच्या ग्रुपवर विचारलं तर तीन दिवसांत दोनशेच्या वर फोटो जमा झाले. निम्म्यांत जेवणाच्या पंगती होत्या. एक फोटो माझ्या मामेबहिणीने पाठवला. अंतरपाटाच्या या बाजूने काढलेला, त्यात सासूबाई पदराने डोळे पुसताहेत. एवढ्या महागड्या अल्बमात तो फोटो नव्हता.

डिसेंबरात नवरा तीन आठवड्यांसाठी आला. चिखलाने फुगलेली दारं त्याने रंधा मारून पुन्हा बसवली. जानेवारी २०२० मध्ये परत गेला आणि फेब्रुवारीत आमचा पहिला अर्ज, आय-१३०, मंजूर झाला. एनव्हीसी नावाच्या कार्यालयात पुढची फी भरली, ३२५ डॉलर आणि १२० डॉलर. व्हिसाच्या अर्जाचा डीएस-२६० फॉर्म भरायला घेतला. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात ते सगळं लिहायचं असतं. विटा लिहिलं, कोल्हापूरचं हॉस्टेल लिहिलं. सांगलीचं घर लिहिताना ‘पासून’पुढे तारीख घातली आणि ‘पर्यंत’ हा रकाना रिकामा राहिला.

२० मार्चला सगळ्या वकिलातींतली नेहमीची व्हिसाची कामं बंद झाली. ती सगळ्या जगाचीच गोष्ट होती, तिचा राग आला नाही. राग आला तो २२ एप्रिलला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून कायमचं राहायला येणाऱ्यांचे नवे व्हिसा ६० दिवसांसाठी थांबवले. अमेरिकी नागरिकांच्या बायका-नवऱ्यांना त्यात सूट होती, ग्रीन कार्डवाल्यांच्या नव्हती. त्याचंही लग्न तेवढंच खरं आणि माझंही तेवढंच, मग फरक कशाचा, हे मला आजही कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. ६० दिवसांचे पुढे डिसेंबरअखेर झाले, डिसेंबरचा मार्च झाला. तक्त्यात आमच्यापुढे ‘सी’ तसाच होता. रांग नाही, पण दार बंद. ऑगस्टमध्ये कागद पूर्ण असल्याचं ईमेल आलं, ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले.

त्या दिवसांत मला आत्या फार आठवायची. आमचा विटा-खानापूरचा भाग गलाईवाल्यांचा. गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला आमच्याकडची माणसं पार तमिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत गेलेली. आत्याचे यजमान कोइमतूरला होते. लग्नानंतर अकरा वर्षं ती गावात सासूसासऱ्यांजवळ राहिली. यजमान दिवाळीला आणि गावच्या यात्रेला यायचे. मी तिला फोन केला आणि पहिल्यांदा कोणापुढे तरी रडले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, “तुला निदान रोज तोंड तरी दिसतंय बाई. मी मनिऑर्डरच्या कागदावरच्या दोन ओळी आठवडाभर वाचायची.” थोड्या वेळाने म्हणाली, “जाणार जाणार म्हणून पहिली चार वर्षं मी म्हैस घेतली नाही. मग घेतली. मी गावात असेपर्यंत तिची पाच वेतं झाली.”

त्याच आठवड्यात मी कॉलेजला फोन केला. जागा होती. शिकवणं ऑनलाइन होतं. माजघरात पाटावर पुठ्ठा उभा करून त्यावर समीकरणं लिहायची, मोबाईल तांब्याला टेकवायचा. माझ्या वर्गात चिखलात वह्या गेलेली मुलं होती, वडिलांचा एकच मोबाईल भावंडांत वाटून घेणारी मुलं होती. पगार फार नव्हता, पण घरी मी पाहुणीसारखी वागायची थांबले. त्याआधी मी एक साधी कढईसुद्धा घेतली नव्हती, जाताना काय करायचं म्हणून. कुंडीत मोगरा लावला नव्हता.

रेशनकार्डाचंही तेव्हाच झालं. लग्न झाल्यापासून सासूबाई मागे लागल्या होत्या की नाव चढवून घेऊ या. मी प्रत्येक वेळी म्हणायची, “कशाला आई, पाच-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.” माझं नाव विट्याच्या कार्डावर तसंच होतं. जेवत होते इथे आणि नाव तिथे. त्यांना याचं वाईट वाटायचं, हे मला फार उशिरा कळलं. जुलै २०२० मध्ये मीच म्हटलं, चढवू या. विट्याहून नाव कमी केल्याचा दाखला आणला, अर्ज दिला. महिन्याभराने कार्ड हातात आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून माझं नाव मोठ्याने वाचलं आणि सासूबाईंनी कार्ड देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याजवळ ठेवलं.

लोकांच्या प्रश्नांबद्दल एवढंच लिहिते की ते थांबत नाहीत. हळदीकुंकवाला जायचं मी बंद केलं होतं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि पाळण्याची चौकशी सुरू झाली. मुलाचा विचार आमच्याही मनात होता. वय वाढत होतं, मी ते महिन्या-महिन्याने मोजत होते. नवरा आणि मी यावर सकाळच्या फोनवर बोलूच शकायचो नाही, कारण स्वयंपाकघरात सगळे असायचे. त्यासाठी मी रात्री साडेनऊला गच्चीवर जायची. तो जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून बोलायचा. टाकीच्या कठड्यावर बसून आम्ही आमचा निम्मा संसार केला.

२४ फेब्रुवारी २०२१ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी ती बंदी उठवली. आम्ही पुन्हा दिवस मोजायला लागलो आणि एप्रिलमध्ये बाबांना कोरोना झाला.

ऑक्सिजन ८६ दाखवत होता. मिरजेत बेड मिळाला तो नवऱ्यामुळे. तो तिकडे रात्रभर जागून याद्यांमधला एकेक नंबर फिरवत होता आणि मी इकडे रिक्षात बाबांना धरून बसले होते. सतरा दिवस ते आत होते. डबा दारात द्यायचा, चिठ्ठी द्यायची, संध्याकाळी नर्सताई खिडकीतून हात करून सांगायच्या. नवऱ्याला यायचं होतं. अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर ४ मेपासून निर्बंध घातले, त्यातून ग्रीन कार्डवाले वगळले होते, पण विमानं कधी बंद होतील याचा भरवसा कोणालाच नव्हता. येऊन अडकलास तर तुझी नोकरी जाईल, माझ्या व्हिसासाठी तू द्यायच्या हमीपत्रात दाखवायचं उत्पन्न जाईल, सगळं पहिल्यापासून, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “वडील माझे आहेत.” मी म्हटलं, “मग इथे बसलेय ती कोण?” दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी तो डब्याला टेकवून ठेवला आणि दोघंही काही न बोलता आपापलं काम करत राहिलो. त्या दिवशी त्याने वरणाला फोडणी दिली तेव्हा मोहरी तडतडल्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

बाबा घरी आले ते अर्धे होऊन. त्यांच्या गोळ्या मीच बघायची. सकाळची पांढरी उपाशीपोटी, दोन गुलाबी न्याहारीनंतर, रात्री अर्धी. नवऱ्याला आता चहात साखर किती लागते हे मला सांगता आलं नसतं, पण बाबांचं सगळं तोंडपाठ होतं. जुलैत पुन्हा पूर आला, पाणी ५० फुटांच्या वर गेलं. या वेळी आम्ही आदल्या दिवशीच विश्रामबागेत पोचलो होतो, बाबा, गोळ्या, फाइल आणि ते अकरा फोटो घेऊन.

मुलाखतीचं पत्र सप्टेंबरात आलं, तारीख ऑक्टोबरची. जुन्या पोलीस दाखल्याची मुदत संपली होती, तो पुन्हा काढला. महालक्ष्मी एक्सप्रेसने भावाबरोबर मुंबईला गेले. आधी वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्त, लशी. लहानपणीच्या लशींची नोंद नसल्यामुळे गोवर, कांजिण्या, धनुर्वात असं सगळं एकाच दिवशी दोन्ही दंडांत घेतलं. कोरोनाची लस १ ऑक्टोबरपासून सक्तीची झाली होती. माझे कोविशिल्डचे दोन्ही डोस, मधले ८४ दिवस धरून, नुकतेच पूर्ण झाले होते. बांद्रा-कुर्ला संकुलात सकाळी रांगेत उभी राहिले तेव्हा दोन्ही हात ठणकत होते. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदाच नवरा काय करतोय हे मला त्या दोन तासांत माहीत नव्हतं.

खिडकीपलीकडच्या बाईंनी उजवा हात वर करून शपथ घ्यायला सांगितली. हात वर करताना दंडातून कळ गेली. लग्न कसं ठरलं, नवरा काय काम करतो, शेवटचे कधी भेटलात. मी म्हटलं, जानेवारी २०२०. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग मुख्य कागद काढून घेतले आणि व्हिसा मंजूर असल्याचं सांगितलं. चार-पाच मिनिटं लागली असतील. फोटो त्यांनी मागितलेच नाहीत. फाइलीत होते तसे ते परत आले. बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले आणि भावाने नवऱ्याला फोन लावून मोबाईल माझ्या कानाला धरला.

नोव्हेंबरात निघायचं ठरलं. सहामाही परीक्षेचे पेपर तपासून दिले. सासूबाईंनी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला केला आणि वजन करकरून बॅगेत भरला. बाबांच्या गोळ्यांसाठी मी सात खणांचा डबा आणला आणि प्रत्येक खणावर वाराचं नाव चिकटवलं. रेशनकार्डावरून नाव कमी करायचा अर्ज घरात भरून ठेवला होता. तो द्यायला बाबा तयार नव्हते. “राहू दे की. आम्ही दोघं तिचं धान्य थोडंच उचलतोय,” म्हणाले. शेवटी नियम आहे म्हणून मीच जाऊन दिला.

विमानतळावर तो रांगेच्या दोरीला टेकून उभा होता. मोबाईलच्या चौकटीत राहून राहून मला त्याची उंची विसरायला झाली होती.

इथे पहिले काही दिवस आम्ही एकमेकांशी जपून वागलो. चहाला तो आता साखर घेतच नाही, हे कळलं. इथल्या ओट्यावर साखरेचा डबा नाही म्हणून मोबाईल मी तांदळाच्या डब्याला टेकवते. रात्रीचे आठ वाजले की सांगलीत साडेसहा. काल सासूबाईंनी फोन घेतला तो थेट गोळ्यांचा डबा पडद्यापुढे धरूनच. “अगं, गुरुवारच्या खणात गुलाबी एकच आहे. दुसरी कुठं ठेवलीस?”

“फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात बघा आई, नवीन पाकीट आहे. आणि पांढरी दिली का आधी?”

त्या बघायला गेल्या. पडद्यावर रिकामा ओटा दिसत होता आणि आधणाचा आवाज येत होता.